ता. क. मधली बिजागरी

चिपळूण तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. चांगलं चार पानी आहे. त्यातलं कामापुरतं देते:

"मी घरी बसून आजूबाजूच्या दुकानदारांची जीएसटीची कामं करते. घर जुनं, जांभ्याचं, कौलारू. फायबरची वायर ओटीवर येते आणि राउटर तिथेच टीव्हीच्या वरच्या फळीवर आहे. मी बसते माजघरापलीकडच्या खोलीत. गेले तीन महिने वायफायने जीव नकोसा केलाय. चारपैकी तीन काड्या दिसतात, पण पान उघडत नाही. २० तारखेला ओटीपी टाकेपर्यंत पोर्टल मला बाहेर काढतं. मोबाइल मात्र त्याच टेबलावर छान चालतो. राउटर नवा घेतला, खोलीत बूस्टर लावला, लॅपटॉप फॉरमॅट मारून आणला. काही फरक नाही. कधीकधी स्क्रीन मागेपुढे केली की बरं चालतं, तो माझा भास असेल. हार्ड डिस्कवर बॅकअप घेताना माउससुद्धा अडखळतो, म्हणजे लॅपटॉपच म्हातारा झाला असावा. आमचे हे म्हणतात नवा घे. मुलगाही तेच म्हणतो. घेऊ का?

ता. क. जिवावर येतं, कारण गणपतीच्या आधीच याची बिजागरी तुटली होती ती बदलून घेतली. ते पैसे अजून डोळ्यांपुढे आहेत."

ताई, नवा लॅपटॉप इतक्यात घेऊ नका.

तुमच्या पत्रात निदानाला लागतं ते सगळं आहे, फक्त क्रम उलटा झालाय. राउटर, बूस्टर आणि फॉरमॅट यांच्यावर दोन पानं खर्च केलीत आणि खरी गोष्ट ता. क. मध्ये टाकलीत, तीही पैशांच्या हळहळीपोटी. कॅलेंडर घ्या आणि मागे मोजत जा. पत्रावर तारीख डिसेंबरची, त्रास तीन महिन्यांचा, बिजागरी गणपतीच्या आधीची. म्हणजे लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी आला आणि थोड्याच दिवसांत वायफाय रुसलं. त्यात तुम्हीच लिहिता की स्क्रीन मागेपुढे केली की बरं चालतं. तो भास नाही. अठरा वर्षं लॅपटॉप उघडते आहे मी, आणि माझा अनुभव असा की गिऱ्हाईक ज्या वाक्याला 'माझा भास असेल' असं शेपूट जोडतं, बिघाड बहुधा त्याच वाक्यात असतो.

लॅपटॉपचं वायफाय कुठे असतं असं विचारलं, तर लोक कीबोर्डाकडे बोट दाखवतात. अर्धं बरोबर आहे. वायफायचं कार्ड खालच्या भागात, मदरबोर्डावर असतं. हल्लीचं कार्ड २२ बाय ३० मिलिमीटरचं, म्हणजे मोठ्या टपाल तिकिटाएवढं, आणि एका स्क्रूवर टिकलेलं. पण कार्डाला स्वतःचे कान नसतात. कान म्हणजे अँटेना, आणि तो बहुतेक लॅपटॉपमध्ये वरच्या झाकणात, स्क्रीनच्या चौकटीमागे चिकटवलेला असतो. उंचावर असला की त्याला चांगलं ऐकू येतं, म्हणून. कार्डापासून तिथवर शेवयांसारख्या बारीक दोन वायरी जातात, सहसा एक काळी आणि एक पांढरी. आणि त्या जातात कुठून? बिजागरीतून. तुम्ही दिवसातून दहादा झाकण उघडता-मिटता, तेव्हा दहादा त्या वायरींना पीळ बसतो.

पूर्वी असं नव्हतं. लॅपटॉपच्या कडेला एक खाच असायची, तिच्यात पत्त्याच्या पानाएवढं कार्ड सारायचं आणि त्याचं काळं टोक बाहेर डोकावत राहायचं. येता-जाता धक्का लागून ते मोडायचं. १९९९ साली ॲपलने आयबुक हा लॅपटॉप आणला, त्यात अँटेना यंत्राच्या अंगातच बसवलेला होता. मग २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनोचा, म्हणजे प्रोसेसर आणि वायफाय एकत्र देणाऱ्या संचाचा, गाजावाजा केला आणि वायफाय ही लॅपटॉपची वेगळी विकत घ्यायची वस्तू राहिली नाही. दिसायला छानच झालं. पण टोक बाहेर होतं तेव्हा ते मोडलं की दिसायचं तरी. आता आतली वायर चिरडली, तर लॅपटॉप तोंडातून ब्र काढत नाही. 'वायफाय कनेक्टेड' असंच सांगत राहतो.

बिजागरी बदलताना कारागिराला या दोन वायरी कार्डावरून उचकटाव्या लागतात, झाकण सुटं करावं लागतं आणि मग पुन्हा त्याच खोबणीतून ओवून बसवाव्या लागतात. त्यांच्या टोकाला शर्टाच्या टिचबटणासारखं, पण मोहरीपेक्षा जरासं मोठं, गोल बटण असतं. ते अगदी सरळ दाबलं तरच टिच् करून बसतं. तिरकं दाबलं की बसल्यासारखं वाटतं आणि महिन्याभरात सुटतं. शिवाय ही बटणं वारंवार काढ-घाल करण्यासाठी बनवलेलीच नसतात. त्यातल्या एका प्रचलित प्रकाराची हमी फक्त ३० वेळांची असते. दुसरा धोका म्हणजे नव्या बिजागरीच्या स्क्रूखाली वायर दबणं. तिसरा, आणि हा मला लाजेने सांगावा लागतो, दोनातली एक वायर लावायचीच राहून जाणं. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका प्राध्यापकांचा लॅपटॉप मी असाच परत दिला होता. ते आठवड्याने आले. मी मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना नवं कार्ड विकलं, ते बसवायला झाकण उघडलं, तर पांढरी वायर बाजूला निवांत पडलेली. पैसे परत केले. तेव्हापासून मी लॅपटॉप बंद करण्यापूर्वी त्या दोन बटणांचा फोटो काढून ठेवते.

आता तुमच्या त्या कोड्याकडे: तीन काड्या दिसतात आणि पान का उघडत नाही?

काड्या एवढंच सांगतात की राउटरचा आवाज लॅपटॉपला किती ऐकू येतोय. लॅपटॉपचा आवाज राउटरपर्यंत पोचतोय की नाही, हे त्या सांगत नाहीत. आणि वायफाय म्हणजे रेडिओवरच्या बातम्या नव्हेत, नुसतं ऐकून भागायला. प्रत्येक तुकड्याला 'मिळाला' अशी पोच द्यावी लागते. पोच पोचली नाही की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो, मग पुन्हा. राउटर फळीवर बसून खणखणीत ओरडतो, त्याला विजेची ददात नाही. तुमचा लॅपटॉप मात्र अर्धवट तुटलेल्या वायरीतून पुटपुटतोय. म्हणून काड्या तीन आणि पान कोरं. तुम्ही राउटर बदलला तेव्हा नेमकं काय केलंत? ओरडणाऱ्याचा आवाज वाढवलात. पुटपुटणारा तिथेच राहिला.

हे सगळं पत्रावरून बांधलेलं आहे, हेही मान्य करते. तेव्हा पैसे काढण्याआधी एक चाचणी करा. फुकट आहे, दहा मिनिटांची आहे, आणि माझ्या मते लॅपटॉपच्या वायफायसाठी याहून चांगली चाचणी घरच्या घरी करता येत नाही.

तुमचा मोबाइल 'त्याच टेबलावर छान चालतो' म्हणता, तर आधी त्याचा मोबाइल डेटा बंद करा. पुष्कळदा वायफाय रडायला लागलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि आपण म्हणतो, बघा, फोनवर कसं चालतंय! डेटा बंद करूनही नीट चालला, तर आता फोन केबलने लॅपटॉपला जोडा. केबल नुसती चार्जिंगची नको, फोटो उतरवता येतात तसली हवी. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर 'यूएसबी टेदरिंग' असतं, ते चालू करा. लॅपटॉपचं स्वतःचं वायफाय बंद करा. अँड्रॉइड फोन अशा वेळी त्याला मिळणारं वायफाय केबलमधून लॅपटॉपला देतो. (आयफोन असेल तर ही युक्ती विसरा, तो फक्त मोबाइल डेटा वाटतो.) म्हणजे टेबल तेच, भिंती त्याच, राउटर तोच, लॅपटॉपही तोच. बदलले फक्त कान. आता पोर्टल नीट चालायला लागलं, तर दोष लॅपटॉपच्या कार्डात किंवा अँटेनात, यात शंका उरत नाही. फॉरमॅट मारून तो का गेला नाही, हेही त्यातून कळतं. विंडोज पुन्हा टाकल्याने तुटलेली वायर सांधत नाही. आपल्याकडे फॉरमॅट म्हणजे सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर एकच काढा झालाय.

आणि हो, येत्या २० तारखेचा, म्हणजे जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या दिवसाचा, प्रश्नही यातच सुटला. दुरुस्ती होईपर्यंत रिटर्न भरताना फोन केबलने जोडून बसा. तिमाहीवाल्यांची २२ तारीखही निभेल. त्या दिवशी संध्याकाळी पोर्टलच कण्हायला लागलं तर मात्र त्याला माझ्याकडे औषध नाही. १८ तारखेला भरा एवढंच सांगू शकते, आणि ते तुम्ही तुमच्या दुकानदारांना मराठीत, संगमेश्वरी बोलीत, हात जोडून सांगून दमला असाल.

आणखी खात्री हवी असेल तर लॅपटॉपचं वायफाय पुन्हा चालू करून 'पिंग' करून बघा. स्टार्टमध्ये 'सीएमडी' टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिच्यात पिंग, एक जागा सोडून राउटरचा पत्ता, मग एंटर. पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ असा. लॅपटॉप राउटरला चार हाका मारतो आणि किती मिलिसेकंदांत ओ आली ते लिहितो. दोन-पाच मिलिसेकंद म्हणजे तब्येत ठणठणीत. कधी तीन, कधी आठशे, कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असं येत असेल तर गोंधळ घरातल्या घरात आहे, फायबरवाल्याला फोन करून त्याचं आणि तुमचं डोकं उठवू नका. राउटरची ओ नीट येते पण ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता ओ देत नाही, असं असेल तर फोन जरूर करा. पुन्हा पुन्हा पिंग करत असतानाच स्क्रीन हळूहळू मागे झुकवा, पुढे आणा. एका ठरावीक कोनात आकडे बिघडले, तर वायर कुठे दबली आहे हे तुम्ही कारागिराला बोटाने दाखवू शकाल.

आता माउसचं. तो म्हातारपणाने अडखळत नाही. तुमच्याकडे दोन दुखणी एकत्र आली आहेत आणि तुम्ही त्यांना एकच नाव दिलंत.

तुमची हार्ड डिस्क यूएसबी ३ ची असणार. केबलच्या टोकात निळं प्लास्टिक असेल तर नक्कीच. यूएसबी ३ सेकंदाला ५ गिगाबिट या वेगाने माहिती ढकलते आणि त्या धांदलीत तिच्या केबलमधून, खोबणीतून रेडिओचा गोंगाट बाहेर सांडतो. तो नेमका २.४ गिगाहर्ट्झ या रेडिओच्या पट्ट्याच्या आसपासही पसरतो. बिनतारी माउसचं ते नखाएवढं डोंगल त्याच पट्ट्यात बोलतं, आणि जुन्या पद्धतीचं वायफायही. ही काही ऐकीव गोष्ट नाही. इंटेलने २०१२ साली या विषयावर स्वतंत्र टिपण प्रसिद्ध केलं होतं, आणि उपाय म्हणून सांगितलं होतं ते इतकंच: अंतर ठेवा आणि आवरण चांगलं वापरा. दुकानात मी दर महिन्याला एखादा तरी माणूस असा बघते, ज्याने तीन माउस बदलले आहेत आणि डोंगल मात्र तिन्ही वेळा हार्ड डिस्कच्या मांडीला मांडी लावून बसवलंय.

तेव्हा हार्ड डिस्क एका बाजूला, माउसचं डोंगल दुसऱ्या बाजूला. डिस्क लॅपटॉपवर ठेवायची सवय असेल तर ती मोडा. केबल पुरेल तितकी लांब सरकवा. बॅकअप चालू असताना रिटर्न भरायला बसू नका, हे तर फुकटचं पथ्य आहे. डिजिटल सहीचं टोकन, ते पेनड्राइव्हसारखं दिसणारं, त्या मानाने गरीब आहे, त्याला कुठेही लावा.

दुरुस्तीला लॅपटॉप नेताना, ज्यांनी बिजागरी बदलली त्यांच्याकडेच आधी जा. भांडायला नको. 'वायफायच्या दोन्ही वायरी कार्डावर बसल्या आहेत का आणि बिजागरीत दबल्या नाहीत ना, एवढं माझ्यासमोर उघडून बघा' असं शांतपणे सांगा. चांगला कारागीर हे वाक्य ऐकून ओळखतो की समोरच्याला कळतंय. बटण सुटलेलं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याचे पैसे घ्यायला त्याला स्वतःलाच संकोच वाटायला हवा. वायर तुटली असेल तर अँटेना वायरीसकट बदलावा लागतो. तो स्क्रीनच्या मागे चिकटवलेला असेल तर स्क्रीन उतरवावी लागेल. तिथे मजुरी रास्त आहे, घासाघीस करू नका. घरी स्वतः उघडायच्या फंदात मात्र पडू नका. पातळ लॅपटॉपचं पोट म्हणजे बॅटरीच असते, आणि लिथियमच्या बॅटरीत स्क्रूड्रायव्हर घुसला तर पुढचं बोलणं अग्निशमन दलाशी.

तो 'कार्डच बदलू' म्हणाला तर दोन गोष्टी विचारा. तुमच्या लॅपटॉपला कोणत्या जातीचं कार्ड चालतं? इंटेलची एएक्स २०१, एएक्स २११ ही कार्डं फक्त इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतात, कारण त्यांचा निम्मा मेंदू प्रोसेसरच्या बाजूला असतो. एएक्स २००, एएक्स २१० ही स्वयंपूर्ण असतात. दिसायला सगळी जुळी भावंडं. खाचेत बसतात, स्क्रूही लागतो आणि लॅपटॉप म्हणतो, कार्ड कुठाय? दुसरं, काही कंपन्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होताना सगळ्यात आधी जागा होणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, मंजूर कार्डांची यादी कोंबून ठेवत. यादीबाहेरचं कार्ड घातलं तर यंत्र सुरूच व्हायला नकार देई. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत काय घालावं हे कंपनीने ठरवायचं, हा प्रकार मला आजवर पटलेला नाही. असो.

आणि एक, तुमच्या धंद्यापुरतं. त्या लॅपटॉपमध्ये चाळीस दुकानदारांचे पॅन, पासवर्ड, टॅलीचा डेटा असेल. बॅकअप घेऊन न्या, सहीचं टोकन घरी ठेवा, आणि काम समोर बसून करून घ्या. 'ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा' याला नको म्हणा. या दुरुस्तीला विंडोजचा पासवर्ड सांगण्याची गरज नाही, फॉरमॅटची तर मुळीच नाही.

दुरुस्ती झाल्यावर फरक पडला की नाही हे मनाच्या समाधानावर सोडू नका, आकडा बघा. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, मग वायफाय, मग चालू जोडणीचे प्रॉपर्टीज. तिथे खाली 'नेटवर्क बँड', म्हणजे वायफाय २.४ च्या पट्ट्यावर चालतंय की ५ गिगाहर्ट्झच्या, आणि 'लिंक स्पीड', म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, लिहिलेला असतो. आज, दुरुस्तीच्या आधी, राउटरपासून सात-आठ फुटांवर बसून तो लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर त्याच जागी बसून पुन्हा लिहा. २.४ गिगाहर्ट्झवर ७२ दिसत असेल तर लॅपटॉप एका कानाने ऐकतोय. दोन्ही कान जागे असले की तिथे सहसा १४४ येतो. ५ गिगाहर्ट्झवर हीच जोडी ४३३ आणि ८६६ अशी. काही स्वस्त लॅपटॉपांना कंपनीनेच एक कान दिलेला असतो, त्यांचा ७२ किंवा ४३३ कितीही दुरुस्ती केली तरी दुप्पट व्हायचा नाही. आणि हा आकडा म्हणजे रस्त्यावरची वेगमर्यादा आहे, प्रत्यक्ष गाडी निम्म्याच्या आसपासच पळते. त्यामुळे '१४४ लिहिलंय आणि ७० च मिळतात' अशी तक्रार घेऊन कृपया पत्र लिहू नका, अशी पत्रं माझ्याकडे भरपूर आहेत.

इथवर लॅपटॉप बरा झाला. पण तुमच्या घराबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत, कारण माझं आजोळ संगमेश्वरकडचं आणि जांभ्याच्या भिंतीने मला लहानपणापासून हवं तेवढं गार ठेवलंय. तीच भिंत वायफायला मात्र गार करते. राउटर ओटीवर, तुम्ही माजघरापलीकडे. म्हणजे मध्ये दोन जाड भिंती. ५ गिगाहर्ट्झचा वेग मोठा, पण भिंतीपुढे तो नाजूक. २.४ भिंतीतून त्याच्यापेक्षा बरा जातो. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि ओली भिंत रेडिओच्या लहरी जास्त खाते. म्हणून आषाढ-श्रावणात तुमच्याकडे नेहमीपेक्षा वाईट चालत असेल, तर फायबरवाल्याला बोल लावू नका. मधल्या भिंतीला लोखंडी कपाट टेकलेलं असेल तर तेही बघा. लोखंडातून काहीच जात नाही, आणि माजघरात कपाट असतंच. राउटरही टीव्हीच्या मागे दडलेला नको. फळीवर आहे तर फळीच्या कडेला पुढे ओढा.

खरा उपाय तुमच्या माळ्यावर पडलाय. नवा राउटर घेतलात, तो जुना कुठे गेला? टाकला नसेल, कोकणात कोणी काही टाकत नाही. ओटीवरच्या राउटरपासून तुमच्या खोलीपर्यंत कॅट ६ ची, म्हणजे नेटवर्कची, केबल ओढा, कौलाखालून, तुळईच्या कडेने. १०० मीटरपर्यंत ती बिनतक्रार चालते, तुमचं घर त्याच्या पाव भागातच संपेल. तिचं दुसरं टोक जुन्या राउटरच्या लॅन भोकात घाला. डब्ल्यूएएन किंवा इंटरनेट लिहिलेल्या भोकात नव्हे, बहुतेक सगळे तिथेच चुकतात. त्याआधी मुलाला दोन सेटिंग करायला सांगा: जुन्या राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, आणि त्याचं डीएचसीपी बंद करायचं. घरात पत्ते वाटणारा एकच हवा, दोन झाले की पोस्टमनांची मारामारी. मग तुमच्या खोलीत, तुमच्या टेबलापासून चार फुटांवर, स्वतःचं वायफाय. भिंत मध्ये नाही, ओली-सुकीचा प्रश्न नाही. वाटलं तर लॅपटॉपही केबलनेच जोडा. पातळ लॅपटॉपला लॅनचं भोक नसतं, त्यासाठी यूएसबीला लावायचं छोटं अडॅप्टर मिळतं. महिनाअखेरीचं काम करणाऱ्या माणसाने वायर असताना हवेवर का विसंबावं, हे मला कधी कळलेलं नाही.

केबल घराच्या आतूनच न्या. खळ्यातून, झाडावरून, भिंतीबाहेरून नको. मे महिन्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात तुमच्याकडे विजा कशा पडतात ते मी तुम्हाला सांगायला नको. फायबर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. पण तांब्याची केबल लांबवर पसरलेली असली की जवळ पडलेल्या विजेचा झटका तिच्यात उतरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं एका रात्रीत जातात. गडगडायला लागलं की राउटरचे प्लग काढायचे, टीव्हीचा काढता तसाच.

डोंबिवली, ठाणे, पिंपरीच्या वाचकांनी हे उत्तर जसंच्या तसं स्वतःला लावून घेऊ नये. त्यांचं दुखणं भिंतीचं कमी आणि शेजाऱ्यांचं जास्त. एका मजल्यावर आठ राउटर, सगळे २.४ वर. त्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यांनी ५ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन तिथे जावं, हा त्यांच्यासाठीचा सल्ला. तुमच्या वाडीत, ताई, तुमच्या वायफायला टक्कर द्यायला शेजारी कोणी नाही. तेवढं सुख आहे.

आणखी एक किरकोळ: वायफायचं चिन्हच मध्येच गायब झालं, तर 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करू नका, 'रीस्टार्ट' करा. विंडोज ८ पासून शट डाऊन म्हणजे खरं तर अर्धी झोप असते, सकाळी यंत्र लवकर उठावं म्हणून. रीस्टार्टमध्येच ते पुरतं जागं होतं.

राहता राहिला तो बूस्टर. तुम्ही तो तुमच्याच खोलीत लावलात, जिथे सिग्नल दोन भिंती ओलांडून दमूनच पोचतो. त्याचं काम ऐकलेलं पुन्हा मोठ्याने म्हणायचं. त्यालाच नीट ऐकू आलं नाही तर तो काय म्हणणार? शिवाय साधा बूस्टर त्याच तोंडाने ऐकतो आणि त्याच तोंडाने बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. जीएसटीच्या कामाला तो नकोच. पण फेकूही नका. ओटी आणि पडवीच्या मधल्या दाराशी, राउटर दिसेल अशा जागी प्लग असेल तिथे लावा. पत्रात लिहिलंय ना, सासूबाई पडवीत झोपाळ्यावर बसून मोबाइलवर मालिका बघतात आणि ऐन वेळी ती अडकते म्हणून. तेवढ्याला तो पुरेल.